दुखलं तर डावा हात वर करा

आणखी थोडं मोठं उघडा, बाई — हं, तस्संच. ओठ जड झालाय ना? हा गाल आपला नाहीच असं वाटतंय? छान, म्हणजे इंजेक्शन चढलं. आता तासभर हा रबराचा पडदा तोंडावर राहील, त्यामुळे बोलता यायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा — तुमच्या शाळेत मुलं करतात तसाच — मी लगेच थांबेन. तर काय सांगत होते मी? हां, घंटा. आमच्या लेकीने, भिंगरीने, घंटा वाजवली. नाही कुठे म्हणतेय मी? पाणी प्यायला म्हणून वर्गाबाहेर गेली, घंटेची दोरी लोंबताना दिसली — आणि दोरी दिसली तरी ओढायची नसते, हे तिला ओढून झाल्यावर आठवतं. दीड तास आधी तीन वर्ग दप्तरं उचलून घरी गेले. गणिताचे सरही गेले म्हणे, आणि ते काही परत आले नाहीत — त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवलीत का, बाई? अहो, हसू नका, हसू नका, माझ्या हातात सुई आहे!

नाही, मला राग आला तो घंटेवरून नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत, म्हणालात, ‘पुन्हा असं झालं तर दुसरी शाळा बघा’ — तेही गिळलं मी. मुख्याध्यापिका आहात, साडेचारशे मुलं सांभाळता. पण तो फॉर्म! मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिले होते, एक घरासाठी, एक शाळेसाठी. जागेवर बसते का, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडते का, वस्तू हरवते का — समोर चार रकाने, कधीच नाहीपासून नेहमीपर्यंत. फक्त खुणा करायच्या. तुम्ही सगळ्या रकान्यांवरून एक तिरकी रेघ ओढलीत आणि खाली लिहिलंत, ‘घरी लाड कमी करावेत.’ अक्षर मात्र सुरेख हं, वेलांट्या काय एकेक — हात वर? दुखतंय? की मुद्दा मांडायचाय? मुद्दा असेल तर खाली घ्या, बाई, सगळ्यांचा नंबर येतो.

बरं, मूळ साफ होतंय. तीन नळ्या असतात या दाढेला, दोन सापडल्या, तिसरी लपून बसलीय — सापडेल. तर त्या डॉक्टरीणबाई. मला वाटलं, पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून देतील. छे! तासभर नुसते प्रश्न. झोप कशी, कान तपासले का, डोळे तपासले का, घरात भांडणं होतात का — नवऱ्याने लगेच माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तेही लिहून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, असा चळवळेपणा घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवा, बरेच महिने दिसायला हवा, तरच त्याला नाव द्यायचं. एकाच ठिकाणी दिसला तर कारण त्या ठिकाणी शोधायचं. म्हणून तुमचा फॉर्म. गोळी लागेल का, नाही लागणार, ते त्यानंतर — लागली तरी भूक, वजन, झोप बघत बघत द्यायची. आमची वेळ उद्या सकाळची आहे, बाई. उद्या चुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

आणि गंमत सांगू? घरचा फॉर्म नवरा मोठ्याने वाचत होता — ‘सतत बोलते? नेहमी. किल्ल्या हरवते? नेहमी. हातातलं अर्धं टाकून दुसरं धरते? नेहमी.’ मी म्हटलं, ‘अहो, तिच्या कुठल्या किल्ल्या?’ तर म्हणतो, ‘अगं, तिचा झाला भरून. हा मी तुझा भरतोय.’ आता हसा, सुई बाहेर आहे. पण घाबरू नका हं, दाढेपाशी माझा हात हलत नाही. हे एवढंसं काम, समोर उजेड, दर तासाला नवं तोंड — यात माझं मन रमतं. ऑफिसात बसवली असती तर पहिल्याच आठवड्यात मीही घंटा ओढली असती.

ती ऐकत नाही असं नाहीच मुळी. ऐकते, पण ऐकलेलं आत बसायच्या आधी दुसरं काहीतरी येऊन त्याच्या जागेवर बसतं. आता आम्ही एका वेळी एकच गोष्ट सांगतो. ‘बूट घाल.’ घातले? शाब्बास, तिथल्या तिथे. मग दप्तर. दहा मिनिटं अभ्यास, मग गच्चीला एक फेरी. आधी मीसुद्धा ‘लाड, लाड’ करतच होते, तुमच्यासारखी. त्याहून वाईट. गेल्या परीक्षेच्या वेळी मी तिला खुर्चीला बांधलं, बाई. गाऊनच्या पट्ट्याने. पाच मिनिटं — नाही, पाच कसली, पाऊण तास. आधी तिला खेळच वाटला, हसली. मग गप्प झाली. तीन गणितं केली, तिन्ही बरोबर, आणि मी... मी खूश झाले हो. म्हटलं, बघ, बसता येतं की नाही? पट्टा सोडला तर ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, ‘आई, आता माझे हात शहाणे झाले?’

हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे. बोलता न येणारं माणूस समोर असलं की — जाऊ दे. तिसरी नळी सापडली. हात वर? थांबले, थांबले. दुखलं? नाही? मग काय हवंय? लिहायचंय? सिस्टर, पेन द्या बाईंना, आणि तो कागदी रुमाल — हो, छातीवरचाच, चालेल. अहो, आडवं पडून कसं... बरं, लिहा. वेलांट्या राहू द्या.

‘नवा फॉर्म द्या. संध्याकाळी भरून देते. आधीचा मी वाचलाच नव्हता.’ ...बाई! नाही, डोळ्यांत काही नाही, दिव्याचा उजेड आहे. आणि हे काय — ‘तिला पहिल्या बाकावर घेते. हजेरीपट ऑफिसात आणून द्यायचं काम रोज तिचं.’ अहो बाई, तुम्हाला कल्पना नाही ती किती, म्हणजे परवाच मी ह्यांना म्हणत होते की बाईंना एकदा नीट भेटून — काय? खालीही आहे? कुठे? हां, दिसलं.

‘तुम्ही आता गप्प बसा आणि हातातलं काम पूर्ण करा.’

...हो, बाई.

आ करा.