नानांच्या वजनाची गाडी

मी क्रमाने सांगते ताई, म्हणजे तुम्हाला लिहून घ्यायला सोपं जाईल, आणि क्रम सुटला की मलाही पुढचं सापडत नाही. माझं नाव सुजाता. आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, पण नाना, म्हणजे माझे वडील, अठराव्या वर्षी जळगावला आले, पाइपच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे मी जळगावची. घरात नाना आणि माय अहिराणी बोलायचे, शाळेत प्रमाण मराठी, तर मी बोलते ही अशी, माय म्हणते, पुस्तकमधली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता एका प्रयोगशाळेत आहे, तिथे पाइपमध्ये पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि तो कोणत्या दाबाला फुटला ते नोंदवायचं, एवढंच काम. पाइप फुटतो तेव्हा मोठा आवाज होतो. नवीन माणूस दचकतो, मी दचकत नाही.

तुम्ही गाडीसाठी आलात, तर गाडीचं सांगते, बाकीचं त्यात येतंच. तिला दारं नाहीत, टप नाही, काच नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, उजवीकडे एकच सीट आणि सीटच्या शेजारी डावीकडे मोटारसायकलचं इंजिन, तिथून साखळी मागच्या चाकांकडे. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, बंद आवारात फिरवायची, एवढ्यासाठीच ती. गल्लीत तिला नानांचा पिंजरा म्हणतात. नानांनी सांगाडा आधी पीव्हीसी पाइपचा करून पाहिला होता, लोखंड कापण्याआधी हात बसावा म्हणून, आणि तो पांढरा सांगाडा पोर्चमध्ये वर्षभर उभा होता, माय त्यावर कपडे वाळत घालायची. लोखंडाचा तयार झाला तेव्हा मायची तक्रार हीच, की आता गोधडी कुठे टाकू. मीही नानांबरोबर ग्रीसमध्ये कोपरापर्यंत असायची, तर माय म्हणायची, आंडेरना हात पिवळा करानं वय शे आनि तुम्ही काळा करी राह्यनात. आंडेर म्हणजे मुलगी. नाना म्हणायचे, काळा हात साबणवरी निंघी जातस, पिवळा निंघतस का?

पहिलं इंजिन लहान होतं आणि ते आम्ही घालवलं. धुळे रस्त्यावर एक बंद जिनिंग आहे, तिथे कापूस टाकायचं मोठं काँक्रीटचं आवार आहे, उत्तमभाऊंच्या ओळखीने आम्हाला रविवारी ते मिळतं. उत्तमभाऊ म्हणजे नानांचे मित्र, दालमिलमध्ये काट्यावर असतात, म्हणजे पोती तोलतात. केळीचे रिकामे क्रेट ठेवून आम्ही वळणं आखली होती, नाना एकामागोमाग एक डावी वळणं घेत होते आणि इंजिन जागेवर जाम झालं. घरी आणून उघडलं तर आत बेअरिंग कोरडं पडून जळलेलं. तेल तर पूर्ण भरलेलं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि नानांना कागदावर काढून दाखवलं, मोटारसायकल वळताना झुकते म्हणून तेल तळाशीच राहतं, आपली गाडी झुकत नाही, डावीकडे वळलो की तेल उजव्या भिंतीला चढून बसतं आणि पंपाला मिळते हवा. नाना कागद बघून म्हणाले, पोरी, मी चाळीस वर्षं लेथवर काढी, पन हाई माले दिसनं नही. पुढचं, मोठं इंजिन आणलं तेव्हा त्यांनी तेलाच्या टाकीत पत्र्याचे आडोसे बसवले, माझ्या आकृतीप्रमाणे. त्या दिवशी ठरलं, की नव्या इंजिनावर पहिली फेरी नानांची आणि ती होईस्तोवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या एका फेरीसाठी चाललं होतं, निदान माझी समजूत तशी होती.

इंजिन वाढलं म्हणजे वजन वाढलं, मग पुढचे शॉकअप बदलले, ब्रेक बदलले, आणि मग तोलणं आलं. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं गाडी म्हणजे इंजिन, पण गाडी म्हणजे चार पायांचं स्टूल. तीन पायांचं डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. चार चाकांपैकी तिरप्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोघांची बेरीज उरलेल्या दोघांइतकी यावी लागते, नाही आली तर गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरंच. ते जमवायला प्रत्येक स्प्रिंगखाली एक चकती असते, ती पान्याने फिरवायची. आणि हे सगळं माणूस आत बसवून करायचं, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस हाच सगळ्यात जड भाग.

चार काटे आमच्याकडे कुठून येणार, उत्तमभाऊ दालमिलमधला एक प्लॅटफॉर्म काटा दर रविवारी सकाळी रिक्षात टाकून आणायचे. एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली त्याच उंचीच्या फळ्या, आकडा लिहायचा, गाडी उचलायची, काटा पुढच्या चाकाखाली. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, काय नाना, तोलीसन भंगारमा इकानी शे का? नाना आत बसलेले, म्हणाले, माले धरीसन इकी टाक. नानांची एक शिस्त होती, काट्यावर काहीही ठेवण्याआधी काटा खरा आहे का ते पाहायचं, आणि त्यासाठी ते मला उभं करायचे. म्हणायचे, तू मानक, तुनं वजन कधी हालत नही. खरंच हलत नव्हतं, बावन्न किलो आणि दोनशे-चारशे ग्रॅम, कॉलेजपासून तेच. तर वहीत दर रविवारी पहिला आकडा माझा, दुसरा नानांचा, मग चार चाकांचे. पहिल्या रविवारी नाना एकाहत्तर होते.

दुसऱ्या महिन्यात ते सदुसष्ट झाले. उत्तमभाऊ म्हणाले, वहिनी जेवाले देत नही का? माय हसली. त्यानंतर तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली, धुळ्याला उपचार सुरू झाले. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही, ते सगळीकडे सारखंच असतं. जळगाव ते धुळे एसटी, बाकडं, रिपोर्ट, पुन्हा एसटी. पण रविवार चुकला नाही. नाना म्हणायचे, काटा मांड, आणि मी मांडायची, मला वाटायचं त्यांना आशा आहे, पुढच्या रविवारी फेरी मारायची आहे म्हणून ते वजनाप्रमाणे गाडी जुळवून घेत आहेत, आणि मी मुकाट्याने चकती पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत राहायची. चौसष्ट. एकसष्ट. उभं राहताना ते माझा खांदा धरायला लागले, पण तसं केलं की आकडा चुकतो, म्हणून मी काट्यावर खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं आणि खुर्चीचं वजन वजा केलं. अठ्ठावन्नला आले तेव्हा त्यांना गाडीत खाली उतरून बसता येईना. ते पोर्चमधल्या खाटेवर पडले आणि म्हणाले, उत्तम, अठ्ठावन्न किलो तूरडाळ आन.

उत्तमभाऊंनी आणली. पोतं सीटवर बसवलं, पट्टा लावला. पुढच्या रविवारपासून नाना जेवढे कमी भरतील तेवढी डाळ मी पोत्यातून काढून एका डब्यात टाकायची आणि पुन्हा चार चाकं तोलायची. मायने तो डबा फळीवर सगळ्यात वर ठेवला. त्या डाळीला ती हात लावत नव्हती, दुकानातून वेगळी आणायची.

आता मी जे सांगते ते मी मायला सांगितलेलं नाही. वहीतले आकडे मी आलेखावर मांडले. मुद्दाम नाही, आकडे दिसले की मांडायची सवय आहे. नानांचे बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत उतरत होते आणि माझे आडव्या रेषेत. रेषा पुढे वाढवली की दोन्ही कुठे छेदतात ते दिसतं. मी तो रविवार पाहून ठेवला, कागद घडी करून वहीत ठेवला आणि कामावर गेले. मला तेव्हा काय वाटलं असं विचाराल तर काही वाटलं नाही, रेषा नीट आली होती.

तो रविवार आला. मी काट्यावर उभी राहिले, बावन्न चारशे. नानांना खुर्चीसकट तोललं, खुर्ची वजा केली, बावन्न चारशे. उत्तमभाऊंनी आकडा दोनदा वाचला. मी डबा घेऊन पोत्याकडे वळले तर नाना खाटेवरून म्हणाले, डाळ नको काढू, पोतंच काढ. मी म्हटलं, का? म्हणाले, तू बैस. मी म्हटलं, नाना, पहिली फेरी तुमची ठरली आहे. ते म्हणाले, बैस ना व माय, मी कईसना हाऊच आकडानी वाट देखी राह्यनू. म्हणजे त्यांनीही पाहून ठेवलं होतं. माझ्याकडे आलेख होता, त्यांच्याकडे नुसती वही, पण दर रविवारी पहिला आकडा माझा आणि दुसरा त्यांचा, एकाखाली एक, ते त्यांनी उगाच लिहून घेतले नव्हते. मी बसले. उत्तमभाऊंनी काटा एकेका चाकाखाली सरकवला, मागच्या रविवारची चकती पाव फेराही न फिरवता बेरजा जुळल्या, शंभर-दोनशे ग्रॅम इकडे तिकडे. नाना म्हणाले, आते गाडी तुनी व्हयनी. उत्तम, काटा लयी जा. पोतंही उत्तमभाऊ घेऊन गेले. डबा वरच राहिला.

पुढच्या आठवड्यात टेम्पोत गाडी घातली, नानांसाठी मागे गादी टाकली आणि जिनिंगच्या आवारात गेलो. नाना खुर्चीवर, माय त्यांच्यावर छत्री धरून. मी सहा फेऱ्या मारल्या, तीन डावीकडून, तीन उजवीकडून. परत आले तर नानांनी एवढंच विचारलं, दोन्हीकडे? मी म्हटलं, दोन्हीकडे सारखी. त्यांनी मान हलवली. मायने विचारलं, तुम्हालेबी बसाडू का थोडं? ते म्हणाले, मीच ते बसेल व्हतू आतमा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. सकाळी साडेसात, मी पाणी घेऊन गेले होते. पुण्यानुमोदनाला लोक आले, आत्या म्हणाली, पोर दगड शे, डोळामा पानीच नही. तिचं निरीक्षण बरोबर होतं. मी पाचव्या दिवशी कामावर गेले, पाइप फुटत होते, मी नोंदवत होते. पुण्याला वाहनांच्या चाचणीच्या एका संस्थेत मी अर्ज केला होता, तिथून मुलाखतीला बोलावलं, निवड झाली, मायला पत्र वाचून दाखवलं आणि कपाटात ठेवलं.

दोन महिन्यांनी उत्तमभाऊ म्हणाले, गाडी उभी राही राही सडी जाई, चाल. गेलो. पहिल्याच डाव्या वळणावर पुढचं चाक घसरलं. फार नाही, पण घसरलं. उजवीकडे नाही. घरी येऊन मी सगळं तपासलं, चाकांतली हवा, स्प्रिंगा, चकत्यांवर नानांनी पांढऱ्या रंगाने मारून घेतलेल्या खुणा, सगळं जागच्या जागी. सीटचा पट्टा मला दोन बोटं जास्त ओढावा लागला होता, पण ते मी निरीक्षणात धरलं नव्हतं. रविवारी काटा आला. शिस्तीप्रमाणे आधी मी उभी राहिले. सत्तेचाळीस शंभर.

मी म्हटलं, भाऊ, काटा बिघडला. उत्तमभाऊंनी रिक्षातून शिक्का मारलेलं वीस किलोचं लोखंडी माप काढलं आणि काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. ते म्हणाले, काटा खरा शे बेटा.

मी पुन्हा उभी राहिले. तेच. मग पायरीवर बसले. इतके दिवस मला भूक लागत नव्हती की मी जेवत नव्हते, मला सांगता यायचं नाही, मला वाटत होतं माझं सगळं जसंच्या तसं चाललं आहे. नाना ज्याला मानक म्हणायचे तेच पाच किलोने सरकलं होतं आणि मला ते आकड्यावरून कळलं. रडू तेव्हाही आलं नाही. मी पाना उचलला, गाडी सत्तेचाळीसला जुळवून घेऊ म्हणून, दहा मिनिटांचं काम होतं.

मायने येऊन पाना हातातून काढून घेतला. तिला स्प्रिंगमधलं काही कळत नाही, पण म्हणाली, त्यासनी गाडी बावन्नवर ठेयेल शे ना? मंग गाडीले हात लावू नको. तू ये बावन्नवर. मग तिने स्टूल घेतलं आणि फळीवरचा तो डबा खाली काढला. चार किलो नऊशे ग्रॅम डाळ, मीच टाकलेली, मला पाठ आहे. तिने निवडायला घेतली.

त्या दिवसापासून घरात वरण त्याच डाळीचं होतं. चव लागते असं नाही, पण ताट पुढे आलं की मी जेवते. मागच्या रविवारी अठ्ठेचाळीस तीनशे भरले. पुण्याला पुढच्या महिन्यात जायचं आहे, गाडी इथेच राहील, खुणा आहेत तशा, आणि मी रविवारी येत जाईन. डब्यात दोन किलोवर डाळ उरली आहे आणि ती संपेपर्यंत मी बावन्न होणार नाही हे मी काढून पाहिलं, मायला सांगितलं, तर माय म्हणाली, तू ते मांडनं सोड, ताट पुढे लय. तुम्हीही आता उठू नका ताई, तिने तुमच्याही नावाचं शिजायला टाकलं आहे, आणि आमच्याकडून कोणी उपाशी गेलेलं नानांना चालायचं नाही.