डोक्याची बॅटरी आणि भर दुपारचा अंधार

नाही, पण मला एक सांगा, बॅटरी विकणाऱ्याच्या दुकानात थोडा तरी अंधार नको? चपलेच्या दुकानात पाय घालून बघायला स्टूल असतं, कापडाच्या दुकानात आरसा असतो, कलिंगडवाला तर न सांगता सुरी खुपसून लालभडक तुकडा नाकासमोर धरतो, आणि हे बॅटरीचं दुकान, सोलापुरात, सात रस्त्याजवळ, ऐन रहदारीत, आणि आत काय, तर छतापासून फरशीपर्यंत बल्बच बल्ब, सगळे चालू! लखलखाट! अहो, त्या लखलखाटात काजवा काय आणि ट्रकचा दिवा काय, दोन्ही सारखेच की! मग ज्ञानबा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "अंधारात बगितल्याबिगर घेणार न्हाय," तर त्याचं काय चुकलं? तुम्हाला सांगतो, सोलापुरात सगळं मिळतं. चादर मिळते, शेंगाचटणी मिळते, कडक भाकरी मिळते... पण भर दुपारी अंधार? नाव नको!

आता हा ज्ञानबा कोण, ते सांगतो. मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावर राहणारा माणूस. मेंढरं आहेत, मायाक्का नावाची बायको आहे आणि झोप आहे. या तिन्हीत त्याचा जीव झोपेवर जास्त. पण मेंढरांचं कसं असतं, ती व्यायला लागली की वेळकाळ बघत नाहीत, आणि मेंढी अडली की मायाक्काचे दोन्ही हात कामात. मग उजेड कोण धरणार? ज्ञानबा. मागच्या हंगामात काय झालं, एक कोकरू आडवं आलं. मायाक्काचा हात कोपरापर्यंत आत, ती चाचपडतीय, पाय सापडतोय का बघतीय, आणि उजेड आपला हळूहळू वर सरकतोय... मेंढीवरून कुंपणावर, कुंपणावरून बाभळीवर, बाभळीच्या शेंड्यावरून थेट चांदण्यांत! मायाक्का ओरडतीय, "आवं उजेड! उजेड कुटं न्हेला?" आणि ज्ञानबा बॅटरी धरून उभ्या उभ्या झोपलेला! मेंढी वाचली, कोकरू गेलं. वाईट त्यालाही वाटलं हो, उगाच खोटं कशाला सांगू, पुढं बरेच दिवस त्या मेंढीकडं बघताना त्याची मान खाली जायची. पण झोप ती झोप!

मायाक्का तेव्हा काही बोलली नाही. बायको बोलत नाही म्हणून ज्ञानबा खूश. यंदा मेंढरांची पोटं उतरली, व्यायचे दिवस जवळ आले, तेव्हा मात्र बोलली. "ती डोक्याला लावायची बॅटरी मिळती न्हवं? आणा. माजं दोनी हात मोकळं पायजेत, आन् म्या बगीन तितं उजेड पडाय पायजे. न्हाय आणली, तर समदी मेंढरं व्यायस्तवर बॅटरी तुमी धरायची, आन् तुमच्या पापण्या म्या धरणार!"

बघा म्हणजे! चांगली बॅटरी मिळाली तर हंगामभर झोप, नाही मिळाली तर हंगामभर पापण्या बायकोच्या चिमटीत. एवढं सगळं त्या एका बॅटरीवर! आणि खिशात पाचशेची नोट, तीही मायाक्कानं दिलेली, वर सांगून, "वरचं मागू नगा."

गावातली बॅटरी आधी आणून झालेली. पट्टा एवढा ढिला, की मान डावीकडं वळवली तरी दिवा आपला समोरच बघतोय! म्हणून सोलापूर. आणि सोलापुरात कोण, तर मायाक्काचा भाऊ धनाजी. टॉवेलच्या कारखान्यात आहे, पण ज्ञान सगळं मोबाइलमधलं. स्टँडवर दाजींना उतरवून घेतानाच सुरू. "दाजी, ते घोंगडं कशाला आणलंय खांद्यावर? काय ऊन हाय! लोकं बगत्यात की!"

"बगू दे. घोंगडं घराबाहेर पडताना खांद्यावर नसलं, की मला उगडं वाटतंय."

"बरं, ऱ्हाऊ द्या. आन् त्याला बॅटरी म्हणू नगा, हेडलॅम्प म्हणा. ल्युमेन बगायचं, म्हंजी उजेड किती, मीटर बगायचं, म्हंजी पडतोय किती लांब, लोकांचं रिव्ह्यू बगायचं. ह्यो बगा, ह्या माणसानं पाच तारे दिल्यात."

"काय म्हंतुया?"

"म्हंतुया, 'डबा चांगला आहे, अजून उघडला नाही.'"

पाच तारे! डबा न उघडता! अहो, आपल्याकडं मेंढा घेताना गडी दात बघतो, पाठीवर हात दाबून बघतो, चालवून बघतो, आणि मगच तोंड उघडतो. आणि इथं डब्याला पाच तारे! ज्ञानबानं मोबाइल परत दिला आणि सरळ दुकान गाठलं.

दुकानदार बसवराज. गोड माणूस, अर्धं कानडी, अर्धं मराठी, पण धंदा पूर्ण. "बर्री, बर्री, या मालक! काय पाहिजे? डोक्याची बॅटरी? हे घ्या, हजार मीटर! हे घ्या, वॉटरप्रूफ! हे घ्या, लाल उजेड, पांढरा उजेड, लुकलुक उजेड!"

"लुकलुक कशाला?"

"संकटात सापडला की लावायचं. लोक लांबून बघून येतात."

ज्ञानबा म्हणाला, "आमच्याकडं लांबून बगून लोकं लांबच जात्यात."

"बरं, कुणाच्या डोक्याला पाहिजे?"

"बायकोच्या."

"डोकं केवढं?"

आता आली का पंचाईत! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोचं डोकं केवढं? ज्ञानबानं दोन्ही हात पुढं केले, आधी खरबुजाएवढे, मग जरा विचार करून कलिंगडाएवढे, मग धनाजीकडं बघितलं. धनाजी सख्खा भाऊ, त्यानं खांदे उडवले. शेवटी ज्ञानबा म्हणाला, "डोकं लई तापतंय तिचं, एवडं म्हाईत हाय." बसवराजनं पट्टा ढिला करून ठेवला.

मग दिवा लावला. दिसतंय का काही? कसं दिसणार? वर बल्ब, खाली बल्ब, दारातून सोलापूरचं ऊन फळीसारखं आत आलेलं! ज्ञानबा म्हणाला, "चालू हाय का बंद?" बसवराज म्हणाला, "चालू की!" "कशावरून?" "बटण दाबलं की मालक!" "बटण तर आमच्या सरपंचाच्या नळालाबी हाय, पानी कुटं येतंय?"

तर अंधार पाहिजे. बसवराजनं सगळे बल्ब बंद केले, तरी ऊन आहेच. काउंटरखाली बसवलं, तिथं बसवराजचा डबा आणि ज्ञानबाचे गुडघे, उजेड पडायला जागाच नाही. मग बसवराजनं शटर ओढलं खाली. धाडकन! आता कुठं जरा काळोख झाला, ज्ञानबानं बॅटरी कपाळाला चढवली, बटणावर बोट ठेवलं, एवढ्यात बाहेरून शटरवर थाप! शेजारचा शिंपी, सिद्धाराम. भर दुपारी दुकानाचं शटर खाली म्हटल्यावर माणूस काय समजणार? त्यानं शटर गुडघ्यापर्यंत उचललं, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "बसवराजण्णा... कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही!"

"मला सांगायला काय झालं? घरचाच आहे मी. कधी काढणार?"

"बॅटरी बघायला आलेत हो!"

"शेवटपर्यंत धंदा," असं म्हणून सिद्धारामनं डोळे पुसले, आणि तुम्हाला खोटं वाटेल, तोवर पलीकडच्या दोघांनी आपापली शटरं अर्धी ओढलेली! आता बसवराज घाबरला, ही बातमी सासूबाईंपर्यंत गेली तर? त्यानं शटर वर केलं, सगळे बल्ब लावले आणि हात जोडले, "मालक, घ्यायची तर घ्या, नाहीतर रात्री या." रात्री? रात्री कोण येणार? शेवटची एसटी कोण पकडणार? तिकडं मेंढरं व्यायला आलेली! तुम्हाला सांगतो, सोलापुरात सगळं मिळतं, पण भर दुपारी अंधार मिळवायचा तर माणूस मारावा लागतो!

आणि तेव्हा ज्ञानबाला सुचलं. अहो, खांद्यावर काय होतं? घोंगडं! काळंभोर, जाडजूड, उन्हाचा ठिपका आत जायचा नाही असं! म्हणाला, "चला भाईर." बसवराजला धरलं, धनाजीला धरलं, तीन बॅटऱ्या घेतल्या, दुकानासमोरच्या फूटपाथवर उभे राहिले आणि तिघांच्या डोक्यावरून घोंगडं! सात रस्ता! दुपार! ऊन असं, की कुत्रीसुद्धा रिक्षाखाली! आणि फूटपाथवर एक काळं घोंगडं, खाली सहा पाय, आतनं आवाज... "आता दाबा!" "जरा सरका की!" "आय आय गं, डोळं!" "दाजी, तुमचं कोपार!" "मालक, माझी बोटं का धरताय?"

बोटं का धरली? अहो, मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. ज्ञानबाला वाटलं, आता कापडाखाली आलोच आहोत, तर भावही करून टाकू! बसवराज बिचारा आतून ओरडतोय, "तोंडानं सांगा, मालक, तोंडानं!"

बाहेर गर्दी ही! एक म्हणतोय जादूगार, दुसरा म्हणतोय जडीबुटीवाला, तिसरा म्हणतोय शूटिंग आहे, व्हिडिओ काढून ठेवा. तेवढ्यात ट्रॅफिकचा हवालदार आला. आला आणि काठीनं घोंगड्याची कड उचलली, आणि ज्ञानबानं नेमकं त्याच वेळी हजार मीटरवालीचं बटण दाबलं! हवालदाराच्या डोळ्यांसमोर काय झालं असेल, ते त्याचं त्याला माहीत. मागं दोन पावलं हेलपाटला, टोपी सावरली आणि गरजला, "काय चाललंय?"

"सायेब, अंधार बगतुया."

"सापडला का?"

"व्हय सायेब. या की आत, जागा हाय."

आता तुम्हाला वाटेल, हवालदारानं चौकीत नेलं असेल. कसलं! त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, हळूच विचारलं, "केवढ्याला आहे?" आणि गेला की आत! आता आठ पाय! आणि आत गेल्या गेल्या हवालदाराचंही मत. "ही घ्या. मागं वजन आहे, टिकाऊ असणार." धनाजीचं मत वेगळं, "ल्युमेन कमी हाय." ज्या बाईच्या डोक्यावर ती बसायची, ती माळावर गाभण मेंढ्यांना चारा टाकत होती, आणि तिच्या कपाळावर कुठला दिवा शोभेल, याचा निकाल चार पुरुष सात रस्त्यावर घोंगड्यात शिरून लावत होते!

एक गोष्ट मात्र बसवराज खरी बोलला. म्हणाला, "मालक, हाताजवळच्या कामाला एवढी लांबची मारू नका. ही घ्या साधी, पसरट उजेड, हलकी, स्वस्त." झालं! स्वस्त म्हटल्याबरोबर ज्ञानबाचा संशय जागा. दुकानदार आपण होऊन स्वस्त माल पुढं करतोय? म्हणजे त्यात खोट असणारच! आणि घोंगड्यात बॅटरी कळणार काय हो? समोरच्याचं नाक वितीवर! सगळ्याच सूर्यासारख्या! शेवटी ज्ञानबानं आपली परीक्षा लावली, जिनं डोळ्यात जास्त पाणी आणलं ती खरी. हजार मीटरवालीनं चौघांना रडवलं. घेतली! पाचशेची नोट बसवराजच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "वारंटी?" बसवराज डोळे पुसत म्हणाला, "घोंगड्याबाहेर आलात की संपली."

घरी पोचला, दिवस बुडाला होता, वीज नेहमीप्रमाणं गेलेली, आणि एक मेंढी अडलेलीच. मायाक्कानं बॅटरी कपाळाला बांधली, पट्टा ओढला आणि बटण दाबलं. अहो, माळाच्या पार टोकाला झोपलेली टिटवी उठून बोंबलत गेली! मायाक्का म्हणाली, "ह्यो काय दिवा हाय का काय? टिटवीची पिसं दिसाय लागली!" पण दोन्ही हात मोकळे, आणि ती बघंल तिथं उजेड. कोकरू पुन्हा आडवंच होतं. तिनं हात घातला, पाय शोधला, वळवला, ओढला... आणि जिवंत! ओलंचिंब, थरथरतंय, बें करतंय. तुम्हाला सांगतो, मायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही बॅटरीमुळं नव्हे.

आणि ज्ञानबा? ज्ञानबा तिच्या मागं चार हातांवर, जेवून, घोंगडं अंगावर घेऊन आडवा. निवांत! मेंढी ओरडली तेव्हा जागा होता, पण आता काय, डोक्याला बॅटरी आणलीय की! जोरात घोरायला लागला. मायाक्का म्हणाली, "आवं, झोपलाव व्हय?" घोरणं जरा वाढलं. आणि तिनं मान वळवली. बास! हजार मीटर पल्ल्याचा उजेड चार हातांवर, थेट तोंडावर! पापण्या लटालटा हलतायत, एक डोळा किलकिला करून हा बाबा बघतोय तिच्याकडं, आणि घोरणं आपलं चालूच!

मायाक्का बराच वेळ तशीच बघत राहिली, म्हणजे उजेडही तसाच राहिला. मग शांतपणे म्हणाली, "उटा. कोकरू पुसा. आन् ती दुसरी मेंढीबी मुरडाय लागलीया, व्याय आलीया, तिच्याजवळ बसा. म्या हितनं बगतीया."

आता धनाजी फोन करून विचारतो, "दाजी, हेडलॅम्प कसा हाय? रिव्ह्यू टाकू का?" ज्ञानबा मांडीवर कोकरू घेऊन बसलेला असतो, जांभई देतो, मायाक्काचं तोंड कुठं आहे ते आधी बघून घेतो आणि हळूच सांगतो, "पाच तारे टाक बाबा. पन आदीचंच बरं हुतं. बॅटरी म्या धरत हुतो, तवा निदान तिला म्या दिसत न्हवतो."