डाग न पाडणारं तेल

...आणि वर मलाच म्हणतो कसा, 'डागाचं नावच काढू नका!' अरे, मी कशाला काढू? तुझ्या तेलाने काढलं ना, चांगलं तीनशे बारा पानांवर!

थांबा, नीट सांगतो. मी बाइंडर. प्रबंध बांधतो. माझ्याकडे हाताने फिरवायचं एक ड्रिल आहे, वडिलांच्या वेळचं. मूठ फिरवली की दातेरी चाक फिरतं, खालची सळई घुसते आणि कागदाच्या गठ्ठ्यात आरपार भोक पडतं. त्यातून दोरा ओवायचा, संपलं. पण ते चाक लागलं कुरकुरायला! कसं? शेजारचा चष्मेवाला दुकानातून ओरडायचा, 'अहो, सोडा त्या मांजराला!'

म्हणजे तेल हवं, बरोबर? पण माझी गाठ पांढऱ्या कागदाशी! सुतार असतो तर ओतलं असतं काहीही. म्हटलं, जाणकारांना विचारावं. इथेच चुकलो! तेलाबद्दल ज्याला मत नाही असा एक माणूस दाखवा मला...

पहिला मेहुणा. कारखान्यात आहे... म्हणजे तिथे रजेचे अर्ज बघतो, पण ऐट अशी की यंत्रं याच्याच मांडीवर वाढली! 'भाऊजी, ग्रीस! जागचं हलत नाही. डागाचं नावच काढू नका!' लावलं. दोन दिवसांत त्यात कागदाचा भुसा बसला आणि काळा लगदा झाला. मूठ फिरवायची म्हणजे चिखल ढवळायचा!

मग चष्मेवाला. 'पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, कोरडी असते. डागाचं नावच काढू नका!' घातली. चाक गप्प झालं, मान्य. पण माझी बोटं, माझं नाक, एका वकिलाची अख्खी फाइल... सगळं करडं! आमची ही म्हणाली, 'स्वयंपाकाचं तेल लावा की दोन थेंब.' चौथ्या दिवशी ड्रिलवर मुंग्यांची रांग!

शेवटी गेलो हार्डवेअरवाल्याकडे. त्याने शिवणयंत्राच्या तेलाची बाटली उजेडात धरली. 'बघा, पाण्यासारखं! पांढऱ्या कपड्यांवर चालतं, कागदाचं काय घेऊन बसलात? डागाचं नावच काढू नका!'

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक मुलगी धापा टाकत आली. 'काका, उद्या चारला प्रबंध जमा करायचाय. सात वर्षं घालवलीत यात! ही एकच प्रत आहे, पानापानावर सरांची सही आहे आणि सर गावाला गेलेत.' म्हटलं, निर्धास्त राहा बाळा.

आणि तुम्हाला सांगतो, चाक काय फिरलं! लोण्यासारखं! तीन भोकं पाडली, गठ्ठा उलगडला... आणि बघतो तर काय! तेल सळईवरून खाली ओघळलेलं. प्रत्येक पानावर, प्रत्येक भोकाभोवती, एकेक तेलकट चंद्र. असा, की पलीकडची अक्षरं दिसावीत! डागाचं नावच काढू नका, नाही का?

हिने घरून पावडरचा डबा आणला. 'भुरभुरा, शोषून घेईल.' झालं! एक पान उलटायचं, पावडर टाकायची, थांबायचं, झटकायचं, पुढचं पान. अंधार पडेपर्यंत हेच. आता थांबल्यावर माणसाचे डोळे कुठे जाणार? वाचत गेलो. विषय काय, तर फुटपाथवर समोरून कुणी आलं की माणसं डावीकडे सरकतात की उजवीकडे! हसू नका, म्हातारी माणसं भिंत का सोडत नाहीत यावर तिने असं लिहिलंय की मला माझी आईच दिसली. फक्त तिसऱ्या प्रकरणातली चार पानं पाचव्यात पुन्हा आली होती, जशीच्या तशी. म्हटलं असेल, शिकलेल्या लोकांची पद्धत असेल.

डाग बरेच फिकटले. तरी दुसऱ्या दिवशी तिला खरं ते सांगितलं, मान खाली घालून. तिने पानं चाळली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, मग घड्याळ बघितलं. 'बांधा काका. शिवणीत जातील. कोण बघतंय?'

काही महिन्यांनी आली, सरांना घेऊन. पदवी मिळाली होती! सर म्हणाले, 'परीक्षकांनी ओळ न ओळ वाचली, बरं का!' आणि माझी जीभ... 'मग ती चार पानं दोनदा आलीत, त्याला काही म्हणाले नाहीत? दोन्ही ठिकाणी तुमची सही आहे, सर.'

सर पंख्याकडे बघायला लागले. त्यांना एकदम कुठेतरी पोचायचं होतं, निघाले.

ती मात्र स्टुलावर बसली. 'काका, तुम्ही वाचलात? सगळा?' म्हटलं, पावडर लावत होतो ना. तर हळूच म्हणते, 'कसा वाटला?' अहो, सात वर्षांत हे विचारायला तिला माणूस मिळाला नव्हता! तासभर बोललो आम्ही. तिने माझं बोलणं वहीत उतरवून घेतलं!

आता विचाराल, ड्रिलला शेवटी काय चाललं? पांढरी मेणबत्ती! अडकणाऱ्या ड्रॉवरला घासली होती, उरलेला तुकडा दात्यांवर आणि सळईवर घासला. ना आवाज, ना डाग. एवढ्या विद्वानांपैकी एकाला सुचलं नाही!

आता ड्रिल कसं झकास चालतं... आणि खुंटीला टांगलेलं असतं. कारण त्या मुलीने विभागात सगळ्यांना माझं नाव सांगितलं. येतात हो पोरं, प्रबंध घेऊन रांगेने येतात! बांधून घ्यायला समोरच्या दुकानात जातात, तिथे यंत्रावर तासात होतं. माझ्याकडे येतात... वाचून घ्यायला!