मागच्या खिडकीची ताटी

खुशालराव : तीन ताट्या झाल्या, देवमन. आता ही मांगच्या खिडकीची काढून दे. जुन्या वाळ्याचं काय लोनचं घालतं?

देवमन : ते राहू द्या, भाऊ.

खुशालराव : अरे, वाळा एका उन्हाळ्याचा असते. मंग त्याचा वासबी जाते अन् थंडाईबी. मुंबईच्या शेठच्या मोटारीत थंड्या हवेची मशीन असते म्हनते. तुया टॅक्सीची मशीन मंजे हा वाळा अन् गडवाभर पानी. तेच जुनं ठेवशीन, त गाडी थंडी होईन कशी?

देवमन : हात लावून पाहा तिले.

खुशालराव : ओली हाय गा! आत्ता पानी मारलं का तुनं?

देवमन : मी नाई मारत. त्या ताटीवर मांगच्या वैशाखापासून पानी मारलं नाई.

खुशालराव : वहिनी गेल्यापासून?

देवमन : हो. अकोल्याहून येत होतो. जमुना मांगं बसली होती. सुरईतून गडवा भरे अन् ताटीवर मारे. मले गाडी हाकतांना उनाची झाव लागू नये म्हून. बडनेऱ्यापाशी मांगं पायलं, त मान टाकली होती तिनं. सुरई रिकामी. ओठ कोरडे.

खुशालराव : उनानं गेली, एवढंच आमाले समजलं होतं.

देवमन : सारं पानी वाळ्याले पाजलं. सोता घोटभर पेली नाई.

खुशालराव : मंग हे ताटी तोडून फेक ना बापा! कायले ठेवतं?

देवमन : काढली होती एकडाव. मंग शिटच ओलं व्हायले लागलं. म्हून पुन्हा बांधली.

खुशालराव : मंग हे पानी येते कुठून?

देवमन : गाडीत पानी टिकत नाई, भाऊ. अमरावतीहून सुरई भरून निंगतो. मूर्तिजापूर येत नाई, त रिकामी. पॅसिंजर म्हनते, आमी पेलोच नाई. परवा पंजाबराव त्या शिटावर होते. म्हने, कोनीतरी बाजूनं शिंतोडे उडवून राहिलं होतं. अन् उतरले त तहानेनं जीभ बाहेर.

खुशालराव : अन् आज कोनाले आनायले चालला?

देवमन : बेबीले, अकोल्याहून. दिवस भरत आले पोरीचे. पहिलं बाळंतपन हाय. याच रस्त्यानं, याच शिटावर. मधी पानी सरलं त?

खुशालराव : रेल्वेनं आन.

देवमन : लग्नसराई हाय. डब्यात पाय ठेवाले जागा नाई. पोटुशीले उभी आनू?

खुशालराव : त मंग एखाद्या बुवाले बोलाव. लिंबू उतरवून टाक.

देवमन : धम्माची दीक्षा घेतली तवाच लिंबं सुटले आमचे. अन् तिले हाकलाचं नाई मले. ते काई वाईट करून नाई राहिली. मलेच थंडं ठेवून राहिली.

खुशालराव : मंग तिले सांग, बास झालं म्हून.

देवमन : सांगतलं. जितेपनी आयकत होती का? म्या जेवल्याबिगर जेवे नाई. म्या पेल्याबिगर पानी पे नाई.

खुशालराव : आमच्या घरीबी तसंच हाय. थांब, देवमन. त्या दिवशी रस्त्यात तू पेला होता का?

देवमन : गाडी हाकून राहिलो होतो. लवकर पोचाचं होतं. कोठी पेतो?

खुशालराव : अन् आता पेतं का गाडीत?

देवमन : नाई. तवापासून गाडीत पानी पेववत नाई.

खुशालराव : मंग तिची पानी प्याची पाळी येईन कशी?

देवमन : गडवा द्या इकडं.

(देवमन गाडीत बसून अर्धा गडवा पाणी पितो. उरलेलं पाणी मागच्या सीटवर ठेवतो.)

देवमन : जमुना, मी पेलो. आता तू पे.

खुशालराव : चाल, तवरिक सामोरची सुतळी आवळून घेऊ. धर हे टोक. ओढ. अजून ओढ. हं, झालं.

देवमन : मांगं पाहा, भाऊ.

खुशालराव : गडवा रिकामा हाय.

देवमन : सांडला असन.

खुशालराव : शिट कोरडं हाय. अन् ताटीले हात लाव.

देवमन : चुरा होऊन राहिला इचा.

खुशालराव : नवी बांधू?

देवमन : बांधा. मी सुरई भरतो. बेबीले बसल्याबरोबर सांगन, आंधी तू पानी पे. बाप पेला का नाई, ते पाहू नको.