बटवा आधी, फोन मागून

…आणि आता ही पूजा मला विचारते, "काकू, नवा फोन घ्यायचाय, छोटा घेऊ का मोठा?" मला! अगं, अख्खं नाशिक सोडून तुला मीच सापडले विचारायला? बसा तुम्ही सगळ्याच, उठू नका, ब्लाउज तयार आहेत तुमची, नुसते हुक लावायचे राहिलेत, हा दोरा ओवला की झालंच… हे बघा, हे असे दोरे येतात हल्ली, टोकाला फुटलेले. नेढ्यात जातील तर शपथ. पूर्वी दोरे असे नव्हते हो. असो.

तर छोटा का मोठा. तुम्हाला सांगते, या एवढ्याशा प्रश्नावरून आमच्या जेलरोडच्या घरात जेवढी चर्चा झाली ना, तेवढी माझं लग्न ठरवताना झाली नव्हती. माझ्या लग्नात एकच होते, हे. छोटे म्हणा, मोठे म्हणा, जे होते ते हे. संपला विषय!

झालं असं की आमची वेदिका, माझी मुलगी, पुण्याला लागली ना नोकरीला, तिच्या मनात आलं की पहिल्या पगारातून आईला फोन घ्यायचा. पहिला पगार तसा खोलीच्या डिपॉझिटमध्येच गेला, पण जो कुठला पगार उरला असेल त्यातून. आणि फोन साधा नाही हं, भारीतला, पाठीला तीन-तीन डोळे असतात तो. मी म्हटलं, मला कशाला गं एवढा? गिऱ्हाइकं गळ्याच्या डिझाइनचे फोटो पाठवतात, तेवढे बघायचे मला. तर मला म्हणते, "आई, जन्मभर तू दुसऱ्यांना बसेल असं शिवलंस. आता तुला बसेल असं काहीतरी तू निवड." पाणी आलं हो डोळ्यांत माझ्या, खोटं कशाला सांगू. गप्प बसली असती तर किती बरं झालं असतं! पण नाही, लगेच पुढे, "त्यात छोटा आणि मोठा असे दोन येतात. तू मोठाच घे, तुला हल्ली बारीक दिसत नाही."

मला दिसत नाही? मला?

अहो, बाई दारातून आत येऊन चपला काढेपर्यंत तिची छाती, कंबर, बाही, सगळं माझ्या डोक्यात लिहून झालेलं असतं. ही गळ्यातली टेप आहे ना, ती शोभेला आहे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणून मी एकदा फिरवते. देवळालीच्या त्या बाईंच्या सुनेचं ब्लाउज मी नुसत्या फोटोवरून शिवलं, परदेशात होती पोरगी, मी तिला अजून पाहिलेलं नाही, आणि काखेत एक चुणी पडली नाही! माप माझं चुकत नाही. हे मी गर्वानं नाही सांगत, आहे ते सांगते.

आता तुम्हीच विचार करा, मी मोठा फोन हातात घेऊन बसले असते तर काय झालं असतं? बायका कपडे बघायला येतात का इथे? बायका बाई बघायला येतात! "अय्या, ज्योत्स्नाताईंनी मोठा घेतला? दिसत नाही वाटतं आता." एकदा का शिवणारीला दिसत नाही असं गल्लीत कोणी म्हणालं, की दुसऱ्या दिवशी सगळी कापडं समोरच्या बुटीकमध्ये. तिथे काचेचं दार आहे, एसी आहे, मशीन चालवणारा मात्र दिसत नाही कुठे. मी आता हसत सांगतेय, पण तेव्हा मला भीती वाटली होती. खरी भीती. मशीनवरून उठून मी दुसरं काय करणार होते?

म्हणून मी घरात जाहीर केलं, छोटा. कारणं दिली ढीगभर. मुठीत मावतो, पर्समध्ये मावतो, अंगठा सगळीकडे पोचतो. आमचे हे एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रात, सगळी नोकरी मीटरचे काटे बघण्यात गेली, घरातही तेवढंच बोलतात, काटा हलला तर. त्यांनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "दुकानात जाऊन दोन्ही बघ की. मग ठरव." बघा! म्हणजे यांनासुद्धा वाटतं की मला बघितल्याशिवाय कळत नाही. मी बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळायलाच दोन दिवस गेले.

आणि त्यात आला मल्हारीचा तुकडा. मल्हारी म्हणजे माझा भाऊ, येवल्याला पैठणी विणतो, माहेरच माझं येवला. ताईला भारीतला फोन येणार म्हटल्यावर त्याने नमुन्याला विणलेला एक तुकडा एसटीने पाठवून दिला, म्हणाला, याचा बटवा शिव फोनला. काय तुकडा होता तो! जांभळा, काठाला जर, आणि मधोमध एक मोर. एकच. म्हणजे चुकलं तर दुसरा मोर नाही. आता असा तुकडा हातात आल्यावर शिवणारी बाई फोनची वाट बघेल का? मी कात्रीच उचलली.

तेवढ्यात आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या, मोहिनीताई. यांची एक खोड आहे, त्या कधी काही वाईट बोलत नाहीत, नुसतं विचारतात. "अगं ज्योत्स्ना, बाळ यायच्या आधी अंगडं शिवू नये म्हणतात ना?" मी म्हटलं, ताई, फोन आहे तो, त्याला कसली दृष्ट लागते? तर म्हणतात, "नाही गं, म्हटलं, न बघताच कापतेस? बसेल ना?"

झालं! समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. आता मी मागे हटते का? मी त्या सगळ्यांसमोर वेदिकाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, माप सांग. ती म्हणाली, "अगं, फोन येऊ दे ना आधी." मी म्हटलं, तू माप सांग. तर ती म्हणते, "छोटा सहा पॉइंट तीन इंच, मोठा सहा पॉइंट नऊ."

इंच! तुम्हाला सांगते, इतका आनंद झाला मला. इतके दिवस त्या फोनबद्दल जो तो जीबी काय, मेगापिक्सेल काय, आणि हे पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भाषेत बोललं. सव्वासहा इंच आणि वर सुताभर. त्यात सैलीला थोडं, शिवणीला थोडं, रुंदी लांबीच्या निम्मी धरली, कचाकच कापलं, अस्तर लावलं, तोंडाला दोरी ओवली, दोरीला लटकन. संध्याकाळी बटवा तयार! मोहिनीताईंच्या हातात दिला आणि सांगितलं, रविवारी दुकानात बघा, असा बसेल की आत फोन आहे हे फोनलाही कळणार नाही. माप माझं चुकत नाही.

हा दोरा पण ना… दोनदा ओला केला तरी तेच. थांबा, होईल.

रविवारी वेदिका आली पुण्याहून. आम्ही निघालो एम. जी. रोडला, ती, मी, हे, आणि मोहिनीताई. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, "मी आपली सहज, मला काय कळतंय फोनमधलं" म्हणत रिक्षात सगळ्यात आधी त्याच बसल्या. दुकानात एक हर्षल म्हणून सेल्समन. गोड बोलणं, शर्ट इतका घट्ट की बटणं जीव मुठीत धरून बसलेली, मी मनातल्या मनात त्याला बाजूच्या शिवणी उसवून दिल्या. "मॅम, फील करा मॅम. हा छोटा, वन हँड यूज. हा मोठा, इमर्सिव्ह." मी म्हटलं, छोटा दे. वेदिका म्हणाली, आई, दोन्हींवर वाचून तरी बघ. मी म्हटलं, मला दिसतं. छोटा दे.

त्याने दिला. मी पर्समधून बटवा काढला. काउंटरवरच्या चार मुली सरसावल्या, "वॉव मॅम, पैठणी?" मी नुसतं हसले. दोरी सैल केली. फोन आत सोडला.

…गेला. 

म्हणजे सरळ तळाला गेला हो, विहिरीत पोहरा जावा तसा! वर मोर, खाली फोन, आणि दोघांची काही ओळखच नाही. बटवा हलवला तर फोन आत या कडेपासून त्या कडेला फेऱ्या मारतोय. मग मोहिनीताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सैल झालं का गं थोडं?"

सैल! मला! आणि माझ्याच धंद्यातला शब्द वापरून!

मी त्या हर्षलवर घसरले. म्हटलं, अरे, तुमचा फोन कमी भरतोय मापाला. सव्वासहा कुठे आहे हा? तो म्हणतो कसा, "मॅम, ते स्क्रीनचं साइज असतं. या कोपऱ्यातून समोरच्या त्या कोपऱ्यात. तिरकं."

उरेब! अहो, हे लोक फोन उरेब मोजतात! कापड उरेब कापतात, गळ्याला उरेब पट्टी लावतात, ते मला पाळण्यापासून माहीत आहे, पण उरेब मोजतं का कोणी? उद्या मी तुमचं माप डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत घेतलं आणि म्हटलं, ही बाई सत्तावीस इंच, तर ब्लाउज होईल का त्याचं? जानवं होईल! एवढा भारीतला फोन बनवणाऱ्यांना सरळ टेप धरता येत नाही? मी हे सगळं त्याला मोठ्याने सांगितलं, आणि तो बिचारा म्हणाला, "मॅम, टीव्हीचंही तसंच असतं." आमचे हे म्हणाले, "हो, टीव्हीचं तसंच असतं." सगळ्या नोकरीत बोलले नाहीत, आणि तिथे बोलले!

आता काय करणार? बटवा बाजूने दाबून घ्यायचा म्हटलं तर शिवणीत मोराचा तुरा जातो. आणि दाबणार म्हणजे काय, उसवणार, म्हणजे माप चुकलं, म्हणजे ते मोहिनीताईंच्या तोंडून संध्याकाळपर्यंत सगळ्या जेलरोडला, आणि मंगळवारपर्यंत येवल्याला. मान खाली घालून उभी होते हो मी. आणि तेवढ्यात काउंटरवर तो दुसरा पडलेला दिसला. मोठा. नुसती नजर टाकली मी त्याच्यावर, लांबी, रुंदी, जाडी, आणि बटव्याकडे बघितलं, आणि मला कळलं.

बसतोय.

सैलीसकट, शिवणीसकट, बसतोय. माझी नजर अजून शाबूत होती, फक्त चुकीच्या फोनवर लागली होती! पण तुम्ही माझी पंचाईत बघा. छोटा घ्यावा, तर माप चुकलं. मोठा घ्यावा, तर डोळे गेले. काहीतरी एक गेलेलं घेऊनच त्या दुकानातून बाहेर पडायचं होतं मला. मी दोन्ही हात काउंटरवर टेकले, आणि तुम्हाला सांगते, एवढा विचार मी नवऱ्या मुलीचा शालू कापतानासुद्धा करत नाही. डोळ्यांचं काय, डोळे सगळ्यांचेच जातात. माप कसं जाऊ देऊ?

उचलला मोठा, सोडला बटव्यात. असा बसला! मोर बरोब्बर मधोमध, दोरी ओढली तर एक चुणी नाही. मी हर्षलला म्हटलं, हाच दे. मला मोठाच हवा होता.

वेदिका म्हणाली, "आई, तूच तर इतके दिवस छोटा, छोटा…" मी म्हटलं, बटवा मी मोठ्याच्याच मापाचा शिवला होता. तिने माझ्याकडे बघितलं. लेक आहे, तिला कळलं सगळं, पण पैसे भरायला वळली निमूटपणे. मोहिनीताई तोंड उघडणार एवढ्यात आमचे हे म्हणाले, "माप चुकत नाही हिचं." आता ते टोमणा मारत होते की माझी बाजू सावरत होते, ते मला अजून कळलेलं नाही. पण घरी गेल्यावर मी त्यांना शिरा केला.

आता फोन काय, छान आहे. जड आहे. अंगठा अर्ध्यात थकतो. आडवं पडून बघायला गेलं की नाकावर पडतो. पण अक्षरं… खरं सांगू? अक्षरं इतकी स्वच्छ दिसतात की पहिल्या रात्री मी लोकांचे जुने मेसेज पुन्हा वाचत बसले, निम्मे मला तेव्हा कळलेच नव्हते. एकीने लिहिलं होतं गळा मागून खोल, मी पुढून केला होता. ती परत आली नाही, मला वाटायचं गाव सोडलं तिने.

आणि मग मला अवदसा आठवली. म्हटलं, मल्हारीला बटव्याचा फोटो पाठवावा. काढला. आणि त्यात ते दोन बोटांनी मोठं करतात ना, तसं केलं. मोर मोठा झाला, त्याचे पाय मोठे झाले, जरीचा एकेक धागा दिसायला लागला… आणि पायांच्या खालून माझी टीप. वाकडी. थोडीथोडकी नाही, चांगली वळण घेऊन गेलेली. मी आधी कॅमेऱ्याला नावं ठेवली. मग पुसून पुन्हा काढला. तेच. मग उठले आणि हँगरला लावलेल्या ब्लाउजांचे फोटो काढत सुटले, एकेका टिपेचा, आणि… नाही हो, तुमची नाहीत ती, तुमची सरळ आहेत. बसा. घाबरू नका. उसवून पुन्हा घातल्यात मी सगळ्या टिपा, फोन समोर उभा करून, त्यात बघत बघत. माप मात्र एकाचंही चुकलं नव्हतं हं. माप माझं चुकत नाही.

पूजा, तुझे हात रिकामेच आहेत ना गं? ही सुई ओव जरा. दोरा जाड आहे म्हणून… ओवलीस? एका झटक्यात? बरं बरं, दे इकडे.

हां, काय विचारत होतीस तू? छोटा घेऊ का मोठा? छोटाच घे बाई. त्यात काही दिसत नाही.