निकुंभशेठांनी फाटकाला लावलेलं कुंकू

मंडळी, कीर्तनाला बसलात नीट? मग आधी एक सांगा! सकाळी उठून मी माझं अंगण लख्ख झाडलं आणि केर लोटला शेजारच्या कमळाबाईंच्या दारात. तर मी स्वच्छ माणूस का हो? हसताय काय! इथले कितीजण आज सकाळीच हे करून आलेत, ते कमळाबाईंना विचारा! असो. कथा ऐका.

एक होते निकुंभशेठ. नळाच्या तोट्यांचा कारखाना. माणूस भारी देवभोळा! खंडेनवमीला एकूण एक यंत्राला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावायचे. लेथला, वजनकाट्याला, ऑफिसातल्या सर्व्हरलासुद्धा! सर्व्हर म्हणजे काय? तर सगळ्या कंपनीची कागदपत्रं पोटात ठेवणारं कपाट. दिवसभर घरघर करायचं, तापायचं, आणि त्याला गार ठेवायला दोन एसी! जावयाचा थाट!

कंपनीचं पर्यावरण बघायला एक हुशार बाई होत्या, रेवती दाभाडकर. त्या म्हणाल्या, "सर, हे धूड काढू. सगळं क्लाऊडवर नेऊ. वीज वाचेल, आणि यंदाचा हरित उद्योग पुरस्कार आपलाच!"

"क्लाऊडवर म्हणजे कुठं हो?"

"वर, सर!"

शेठनी वर पाहिलं. पंखा होता.

गेलं कपाट, गेले एसी! आणि वरती जागाच जागा आहे म्हटल्यावर विचारता काय! चाळीस वर्षांच्या सत्यनारायणाचे फोटो चढवले — एकेकाच्या सात-सात प्रती! रोजची ती गुलाबाची सुप्रभात, तीसुद्धा जपून ठेवली. पेटीवाले, हसू नका! तुमच्या फोनात किती आहेत ते मला ठाऊक आहे.

पुरस्कार जाहीर झाला. समारंभ दसऱ्यानंतर. मध्ये आली खंडेनवमी. शेठ तबक घेऊन सर्व्हरच्या खोलीत जातात, तो खोली रिकामी!

"रेवतीबाई, पूजा कुणाची करू?"

"सर, यंत्रच नाही आता."

"नाही कसं? कागद आहेत ना? मग ते पोटात घेऊन बसलेलं यंत्र कुठंतरी असणारच! चाळीस वर्षांत माझी एकही पूजा चुकली नाही."

बघा! शिकलेल्यांनी जे विचारलं नाही, ते देवभोळ्यानं विचारलं. बाईंनी चार फोन फिरवले, पत्ता काढला. वाघेरी! वीसेक किलोमीटर! शेठ खूश. "अहो, वाघेरीच्या कलावतीबाईंचाच झेंडू आपल्याला दरवर्षी येतो. यंदा कसा नाही आला? चला, फुलं तिथंच घेऊ."

गेले. गायरानावर पांढरीधोप इमारत, खिडकी एक नाही, भोवती काटेरी तार. तारेला लागून कलावती ढोण्यांचं झेंडूचं वावर. बघतात तर झेंडू उभा वाळलेला! ऐन आश्विनात!

"बाई, हे काय झालं?"

"काय व्हायचं, शेठ! ह्या बिल्डिंगीनं सा बोअर मारल्या. आत कसली यंत्रं हाईत म्हनं, लई तापत्यात. त्यास्नी गार ठिवाय पानी लागतंय. माजी हीर पितरपाटातच तळाला गेली. वरीसभराचं पोट माजं ह्या दसऱ्यावर! कुनाची वो ती यंत्रं? गावला तर इचारनार हाय मी त्याला."

शेठच्या हातात तबक! रेवतीबाई स्वतःच्या चपला बघायला लागल्या.

दरवानानं आत सोडलं नाही. मग शेठनी फाटकालाच कुंकू लावलं. पण पूजेला पाणी हवं ना! कलावतीबाई घरात गेल्या, लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "घ्या. देवाच्या कामाला न्हाई कसं म्हनू?" आणि शेठनी ते पाणी त्या फाटकावर ओतलं! मंडळी, हे सांगतानासुद्धा मला लाज वाटते.

आता तुम्हाला वाटेल, शेठना उपरती झाली, पुरस्कार परत केला. कीर्तन आहे म्हटल्यावर उपरती व्हायलाच हवी! छे हो! गाडीत बसल्यावर शेठ म्हणाले, "त्या अर्जात पाण्याचा रकाना आहे का?"

"आहे सर. आवाराच्या आत वापरलेलं पाणी."

"मग यंत्रांचं आपलं शून्यच."

"शून्यच, सर."

घेतला पुरस्कार! टाळ्या! फोटो! सात-सात प्रती!

पण मन खात होतं हो. म्हणून शेठनी कलावतीबाईंना भेट धाडली. काय धाडलं असेल? आपल्याच कारखान्यातली, सगळ्यात भारी पितळी तोटी! बाईंनी ती विहिरीजवळच्या टाकीला बसवली. अशी अलगद फिरते म्हणता! टाकी मात्र कोरडी.

हसा, निकुंभशेठना खुशाल हसा! पण मघापासून मी मोजतोय — सोळा मोबाईल वर आहेत! हेच कीर्तन, सोळा वेळा! घरी जाऊन बघणार कोण? कुणी नाही. आणि कीर्तन वर चढवा, असं आयोजकांना बजावलंय कुणी? मीच! मीही त्याच आवारातला.

ठेवा ते खाली. टाळ्यांना हात मोकळे झाले? थांबा, लगेच नाम नको. कलावतीबाईंनी विचारलंय, यंत्रं कुणाची? आधी त्यांना उत्तर द्या. नाम मग घेऊ.