सहाव्या पाव्हण्याचा सॅल्यूट

न्हाई न्हाई पाव्हणं, डावा हात डोक्यावर, उजवा पाय वर — गुडघ्यातनं — हां, बगळ्यावानी. आता हलू नका. ताईला वर यायला धा मिनटं हायेत, पदराची पिन सापडंना तिला — सापडनार बी न्हाई, माझ्या खिशात हाय. खाली दोन्हीकडची मोठी मानसं ऊसतोडीवर बोलत्यात, तुम्हा दोघांना बोलायला म्हनून गच्ची दिलीय, तर तेवढ्यात मी, तिचा सख्खा धाकटा भाऊ सत्यजीत, तुमची तयारी करून घेतो. शिरूरवरनं आमच्या राहू गावाला आलाय एवढं लांब, काहीतरी शिकून जायला पायजे का नको?

कशाची तयारी म्हंजी? अवो, ताई सगळ्या पोरांना एकच प्रश्न विचारती. पगार न्हाई, फ्लॅट न्हाई. म्हन्ती, उग्रान सुधरंल का? उग्रान म्हंजी ‘तेरा चांद’ मधला व्हिलन — अंतराळातली सिरीज, हिंदीत बी हाय — काळा टोप, काळी चादर, आवाज टँकर रिव्हर्स घेतल्यासारखा. तेरा चंद्रांपैकी तीन फोडले त्यानं. का फोडले? बहिनीपायी. ती पायलट. जिथनं तिला नोकरीचं बोलावनं येतं, तो चंद्र हा फोडतो. तिनं कुठं जायलाच नको. लोक म्हन्त्यात, लई दुष्ट. मी म्हन्तो, जरा बाजू समजून घ्या की त्याची — आई न्हाई, घरात दोघंच भावंडं, जेवताना समोर ती, भांडायला ती, सिरीज बघताना पुढं काय होनार हे आधीच सांगून सगळी मजा घालवनारी पन तीच — उग्रानचं सांगतोय. उग्रानचं. त्याच्या घरी बी टीव्ही असंलच की.

तर शेवटच्या भागात चौथ्या चंद्राची पाळी येती. बटनावर बोट ठेवतो — आन् थांबतो. डोळ्याखालनं एक थेंब वघळतो. तिथंच संपवलंय. दोन वर्षं झाली, निम्मी दुनिया म्हन्ती अश्रू हाय, आता हा सुधरनार. निम्मी म्हन्ती टोपात घाम आला. ताई अश्रूवाली. कासुर्डीचं पोरगं आलं होतं, तिसरं — त्याला मी म्हनलं, घाम म्हना, ठासून म्हना. म्हनला बिचारा. चार मिनटात खाली. चौथ्याला हाच सॅल्यूट शिकवला, ‘तेरा चांद’ मधला, ताईला लई आवडतो म्हनून. पलीकडच्या गच्चीवर सरूबाई कुरडया वाळत घालत होत्या, त्यांना वाटलं पोराला फीट आली, त्या कांदा फोडून पळत आल्या नाकाला लावायला. पोराच्या आईनं तो कांदा बघितला आन् आमच्या घरात कुनाला फीट येत न्हाई म्हनत गाडीत जाऊन बसली. पाचव्याचं सांगत न्हाई, त्याची पोलीस भरती व्हायचीय अजून. तर हिशोबानं बघितलं तर उग्रान काय एवढा वाईट न्हाई, त्यानं तीनच फोडले, मी पाच —

म्हंजी, पाच स्थळं मोडली. आपोआप. योग न्हवता. असं बघू नका वो. पाय धरा वर.

ताईला कळत न्हाई असं न्हाई. सकाळी भाकरी थापत होती, मी सहज विचारलं, आजच्याला काय विचारनार? म्हनली, तेच. म्हनली, उग्रान सुधरनार हाय, मला म्हाईत हाय, त्यानं फकस्त एकदा बटनावरनं बोट काढावं. माझ्याकडं बघून न्हाई म्हनली. तव्याकडं बघून. आन् पयली भाकरी मला वाढली, पापुद्रा आलेली. — तरी पिन खिशात गेलीच. सवय असती मानसाला.

काय म्हनला? — थांबा, थांबा. हा सॅल्यूट शत्रूच्या फौजेचा हाय, हे तुम्हाला म्हाईत होतं? पहिल्यापासनं? सगळे भाग बघितलेत? रांजणगावला कंपनीच्या बसमधी, जाताना येताना? दोनदा? मग येड्यावानी एवढा वेळ बगळा होऊन का उभं राहिलात, नको म्हनायचं की सरळ! — मी एवढं मनापासनं शिकवत होतो म्हनून? ह्याला काय अर्थ हाय. असं कोन उत्तर देतं? सगळी गंमत घालवली तुम्ही. ताईसारखंच.

किती वेळ लागतो शिरूरवरनं, मोटरसायकलनं? — सव्वा तास? एवढाच? न्हाई, आपलं उगं. पुढचा सीझन दिवाळीत येतोय, म्हनून विचारलं.

जिन्यात पाय वाजला. पिन न लावताच निघाली वाटतं. ही धरा — जिन्यात सापडली म्हना. न्हाई, नको. सत्यानं दिली म्हना. आन् तिनं विचारलं की लगेच बोलू नका, जरा इचार केल्यासारखं करून सांगा — सुधरंल. कशावरनं म्हनली तर सांगा, बघितला मी, आत्ता बघितला.

कुठं थेंब? माझ्या डोळ्यात? घाम हाय तो. जिन्यावरचा पत्रा बघा की केवढा तापलाय. — आलो गं ताई, चाललोच होतो! — दाजी, पाय खाली घ्या आता.